बाटलीची जात

मी गोदीत ओझी उचलतो आणि कविता लिहितो. वाईनवर बोलायचा अधिकार मला कुणी दिला? कुणीच नाही. म्हणूनच बोलतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या टोळीने एक कंटेनर रिकामा केला. आत फ्रान्सची वाईन. एक खोकं ओलं निघालं, एका बाटलीची मान तडकलेली. मुकादमाने ती तुटफुटीत लिहिली. उरलेली आम्ही चौघांनी फडक्यातून गाळून चहाच्या ग्लासात घेतली. तुरट. जीभ आखडली. खोक्यावर गोल स्टिकर होतं : ९४. टोळीतले मामा म्हणाले, "आयला, हिला चौऱ्याण्णव? मग आपल्या ताडीला किती?"

सगळे हसले. मीही हसलो. पण तो आकडा डोक्यातून जाईना. मॅट्रिकला मला ४८ टक्के पडले. तेव्हापासून तो आकडा माझ्या कपाळावर आहे. म्हणून या ९४ चा माग काढत वाचत गेलो.

दोस्तांनो, शंभराचं हे माप जगभर चालवलं रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकाने. मूळचा वकील. १९७८ साली त्याने स्वतःची पत्रिका काढली. त्याच्या मापाची सुरुवातच ५० पासून. म्हणजे बाटली नुसती टेबलावर आली की ५० खिशात! आपल्या पोराला ३५ साठी रक्त आटवावं लागतं. पार्करने वर चढवलेल्या बाटलीचा भावही वर चढायचा. आकडा जिभेचा, वाजायचा गल्ल्यात.

पण पार्कर कालचा. खरी मनुस्मृती १८५५ ची. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी तिथल्या तांबड्या वाईनची यादी केली. पाच पायऱ्या. कशावर ठरवल्या? बाजारात चालत आलेल्या भावावर. आज पावणेदोनशे वर्षं होत आली. १८५६ साली एक नाव तळाच्या पायरीवर घुसलं, आणि १९७३ साली मुतॉं रोथशिल्ड दुसरीवरून पहिलीवर गेली. तीही मालक बडा बॅरन, अर्धं आयुष्य खेटे घालत होता म्हणून. बाकी जो तो आपापल्या पायरीवर. वरच्या मालकाने शेजारची जमीन विकत घेतली तर तिच्या द्राक्षांनाही वरचाच शिक्का. जन्माने श्रेष्ठ, कर्म कुणी विचारायचं नाही. ओळखीचं वाटतं ना?

ही जात दिसेनाशी केली तर काय होतं? २४ मे १९७६. पॅरिस. स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने लेबलं झाकून वाईन पाजली. गुण देणारे नऊ फ्रेंच जाणकार. निकाल लागला : तांबडीत पहिली कॅलिफोर्नियाची, पांढरीतही पहिली कॅलिफोर्नियाची. मुतॉं दुसरी. ओदेत कान या परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली. जीभ खरं बोलली आणि बाईंना जिभेचीच लाज वाटली!

पुढे रॉबर्ट हॉजसन नावाच्या निवृत्त प्राध्यापकाने, जो स्वतः वाईन करतो, कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतल्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाईन तीनदा दिली, न सांगता. २००८ साली त्याने निष्कर्ष छापले. दहातला जेमतेम एक परीक्षक आपल्याच गुणांशी इमान राखू शकला. एकाच घोटाला कधी रौप्य, कधी काहीच नाही.

मग चव घेणं सगळं थोतांड? नाही. वर्षानुवर्षं चाखणाऱ्याला फरक कळतो. हुकाच्या एका ओढीत गोणीचं वजन मला कळतं, तसंच. २००४ साली शातो पावीच्या २००३ च्या वाईनवरून भांडण पेटलं. पार्करने तिला ९५ ते १०० च्या घरात बसवलं; इंग्लंडच्या जॅन्सिस रॉबिन्सननी २० पैकी १२ दिले. बाईंचं म्हणणं, फळ अतिपिकलेलं, ही बोर्दोची वाटतच नाही. पार्करला तोच दणकटपणा भावला. मला हे भांडण आवडलं. कारण तिथे दोघांनी कारणं दिली. कारणाशी भांडता येतं. आकड्याशी काय भांडणार?

आणि एक गुण कुठल्याच गुणपत्रिकेत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या द्राक्षमळ्यांत मजुरांना पगाराचा भाग म्हणून वाईन पाजत. 'डॉप' म्हणायचे त्याला. कायद्याने बंदी आली तरी चालूच राहिलं. पिढ्या दारूत बुडवल्या. आजही तिथे पोटातच दारूने जायबंदी झालेली मुलं जन्मतात, जगात क्वचितच कुठे इतकी. त्या मळ्यांच्या बाटलीला किती गुण द्यायचे, बोला!

मागे एका प्राध्यापकाने माझी कविता वाचली. म्हणाले, "अनुभव जिवंत आहे, पण कलात्मक उंची नाही." उंची कुठल्या फूटपट्टीने मोजली, ते सांगितलं नाही. ती फूटपट्टीही कुणीतरी १८५५ सारखीच घडवली असणार, आणि त्या यादीत आमची वस्ती नव्हतीच.

पण बोट फक्त त्यांच्याकडे नको. आपल्या अंकांतही कवितेआधी नाव वाचलं जातं. नेत्याच्या जवळचा तो थोर, नवा पोरगा पन्नाशीखाली. ही आपली घरची गुणपत्रिका. फाडा ती. माझी कविता टाकाऊ वाटली तर तोंडावर सांगा, पण का ते सांगा. मी भांडेन. भांडणातून दोघंही शहाणे होऊ.

नऊ जाणकारांना जीभ खरं सांगत होती. त्यांना लेबल हवं होतं. आपल्याला कुणी लेबल दिलंच नाही. दिली ती शिवी. तेव्हा आपल्या जिभेवर भरवसा ठेवायला आपण कुणाच्या बापाला भ्यायचं?

जय भीम.