चुंबकीय उपचार : पैसे भरण्यापूर्वी

गुडघे, कंबर, मान आणि मधुमेहामुळे होणारी तळपायांची आग ही आपल्या बहुतेक घरांतली दुखणी. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकली की डॉक्टर तिला जुनाट वेदना म्हणतात. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, तेव्हा हा प्रश्न मोजक्यांचा राहिलेला नाही. गोळ्यांनी गुंगी येते, मूत्रपिंडांची धास्ती वाटते. अशा वेळी शस्त्रक्रिया नाही, सुई नाही, फक्त चुंबकीय लहरी, अशी जाहिरात दिसली की ज्येष्ठांचे मन तिकडे ओढले जाणारच.

हे चुंबक म्हणजे मनगटावरचा पट्टा किंवा चुंबकीय गादी नव्हे. स्थिर चुंबकाने वेदना कमी होते, याला भक्कम पुरावा नाही. या उपचारात तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर मोठा विद्युत्प्रवाह सोडतात. त्यामुळे चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलते आणि त्वचेला धक्का न लावता आतल्या मज्जातंतूत प्रवाह निर्माण होतो. तत्त्व फॅरेडेचे, १८३१ सालचे. १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी सहकाऱ्यांसह ते माणसाच्या मेंदूवर वापरून दाखवले. वेटोळे डोक्यावर धरणे आणि पायावर धरणे हे मात्र दोन वेगळे उपचार आहेत. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यात जमा होत नाही.

पुरावा काय सांगतो? अमेरिकेच्या एफडीएने मेंदूवरील उपचाराला २००८ मध्ये नैराश्यासाठी आणि २०१३ मध्ये एका प्रकारच्या मायग्रेनसाठी परवानगी दिली. दिल्लीच्या एम्समध्येही जुनाट वेदनेवर असे संशोधन चालते. पण कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात वेदनेवरचा परिणाम थोडा, अल्पकाळ टिकणारा आणि पुरावा कमी दर्जाचा आढळला. म्हणजे हे थोतांड नाही आणि रामबाणही नाही.

आपल्या हैदराबादला या बाबतीत एक जुना धडा आहे. १८८८ आणि १८८९ मध्ये सहाव्या निजामांच्या आश्रयाने येथे क्लोरोफॉर्म आयोग बसले. डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने प्राण्यांवर शेकडो प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला की श्वासाकडे लक्ष ठेवले तर क्लोरोफॉर्म सुरक्षित आहे, हृदय आधी बंद पडत नाही. त्याची जगभर चर्चा झाली. पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्मने हृदय थेट बंद पडू शकते. वेदना घालवण्याचा उत्साह मोठा असतो, तेव्हाच तपासणीही कसून व्हावी लागते.

म्हणून सभासदांना आमचे सांगणे एवढेच. आधी न्यूरॉलॉजिस्ट किंवा वेदना-तज्ज्ञाकडून दुखण्याचे कारण निश्चित करून घ्या. झिजलेला गुडघा आणि दुखावलेला मज्जातंतू यांचे औषध एक नसते. केंद्रात विचारा: माझ्या दुखण्यासाठी पुरावा काय? यंत्राला केंद्रीय औषध नियंत्रकांचा परवाना आहे का? किती वेळा यावे लागेल आणि दोन-चार वेळांत फरक न पडल्यास उरलेल्या पैशांचे काय? विम्यातून खर्च मिळेल का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. पेसमेकर, कानातले कॉक्लिअर इम्प्लांट, डोक्यात धातूची क्लिप किंवा फिट्‌सचा त्रास असेल तर ते आधीच सांगा. चालू गोळ्या मनाने बंद करू नका.

आणि घरातल्या तरुणांनी आई-वडिलांचे दुखणे 'वयाचे' म्हणून सोडून देऊ नये. त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जावे. घरात कोणी ऐकून घेत नाही, तेव्हाच माणूस जाहिरातीचे ऐकतो.