जहाज अर्धवट असतानाच बघा

क्रूझ जहाजाची टूर बघायचीच असेल, तर तयार जहाजाची बघू नका. तिथे फक्त झगमगाट दिसतो. जहाज गोदीत उघडं पडलेलं असतानाची बघा.

मी कुरुंद्याचा, वसमत तालुक्यातला. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. हळद शिजवताना रात्र जागवायची म्हणून मोबाईलवर ‘आयकॉन ऑफ द सीज’ बांधतानाचे व्हिडिओ बघत बसलो. फिनलंडमधल्या तुर्कूच्या मेयर गोदीत बांधलेलं हे जहाज जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीवर निघालं. लांबी ३६५ मीटर, मजले वीस. प्रवासी आणि कर्मचारी मिळून जवळपास दहा हजार माणसं त्यात मावतात. म्हणजे एक मोठं गावच.

पण अर्धवट जहाजात गालिचे नसतात, झुंबरं नसतात. नुसतं लोखंड, वायरी आणि पाईप. खोल्या बाहेरच्या कारखान्यात तयार होतात आणि कपाटात खण सरकवावा तशा आत बसवल्या जातात. कोणत्या संडासाचं पाणी कुठल्या पाईपने कुठे जाणार, हे पहिला प्रवासी चढायच्या कितीतरी आधी कागदावर ठरलेलं असतं.

शेजारचे काका डोकावून म्हणाले, “पाणी आत शिरलं तर काय करतेत रे हे?”

त्याचीही सोय असते. तळ कप्प्याकप्प्यांचा असतो, एक फुटला तरी पाणी बाकीच्यांत जाऊ नये म्हणून. पंप असतात. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडाली आणि दोनच वर्षांत सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आज त्या नियमांनुसार लांबच्या सफरीच्या जहाजावर शंभर माणसांमागे सव्वाशे जणांना पुरतील एवढ्या जीवरक्षक होड्या आणि तराफे लागतात. धोक्याचा भोंगा वाजला की कुणी कुठे जमायचं, हे प्रत्येकाला आधीच सांगितलेलं असतं.

काका काहीच बोलले नाहीत. जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा कुणी कुठे जमायचं हे आम्हाला कुणीच सांगितलेलं नव्हतं. आम्ही धान्याची पोती उचलायची की आजीला, यावर भांडत होतो.

“गावाची आणि जहाजाची तुलना कशी होईल? त्याला अब्जावधी डॉलर लागतात,” असं कुणी म्हणेल. डॉलर लागतात ते झुंबरांना आणि घसरगुंड्यांना. ओढ्याची रुंदी मोजायला, कुठली नाली कुठे उतरते त्याचा नकाशा काढायला, उंचावरच्या पक्क्या इमारतींची आणि एकट्या म्हाताऱ्या माणसांची यादी करायला, एक भोंगा बसवायला किती लागतात?

आणखी एक गोष्ट. ‘कर्णिका’ नावाचं क्रूझ जहाज २०१९ मध्ये मुंबईत आलं. त्याची बांधणी १९९० ची. २०२० मध्ये ते गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेलं. तीस वर्षांचं आयुष्य! तीस वर्षांत भंगार होणाऱ्या वस्तूचा पाईप न् पाईप आधी आखला जातो, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहायच्या गावाची नाली मात्र ज्याला जशी सुचेल तशी, जिकडे उतार दिसेल तिकडे काढली जाते.

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. ती कुठल्या मातीत पिकते ते कागदावर आलं. मग त्याच मातीवरचं पाणी कुठून कुठे जातं, ते कागदावर का येऊ नये?

आपल्याला स्वप्न विकलं जातं ते क्रूझच्या तिकिटाचं. मला ते तिकीट नको. मला त्या जहाजाच्या तळाचा नकाशा हवाय, आणि तसाच एक माझ्या गावाचा. पुढच्या ग्रामसभेत मी तोच मागणार आहे. तुमच्या गावात तुम्हीही मागा. रील नंतर बघता येईल, पावसाळा थांबत नाही.