झाउलिखेमचा स्वामी

डच साहित्याच्या इतिहासात कॉन्स्टंटाइन हायगेन्स (१५९६–१६८७) या कवीच्या नावाला ‘झाउलिखेमचा स्वामी’ ही उपाधी हमखास जोडलेली आढळते. अभ्यासक तीवर एका ओळीची तळटीप देतात आणि पुढे जातात. माझा आक्षेप या पुढे जाण्याला आहे.

झाउलिखेम हे गेल्डरलंड प्रांतातले, वाल नदीच्या दक्षिण काठावरचे लहानसे खेडे. राजपुत्र फ्रेडरिक हेन्ड्रिकचा चिटणीस असलेल्या हायगेन्सने त्याची जहागीर १६३० साली विकत घेतली. आपल्याकडे आडनावाला ‘कर’ लागला की माणसाचे मूळ गाव कळते. इथे गावाचे नाव केवळ मालकी सांगते. कवीचे बिऱ्हाड हेगमध्ये, आणि त्याचे १६५३ सालचे प्रसिद्ध दीर्घकाव्य आहे ते फोरबुर्खजवळच्या ‘होफवाइक’ या स्वतःच्या बागेवर. पुत्र क्रिस्तियानचे शनीवरील (१६५९) आणि लंबकाच्या घड्याळावरील (१६७३) ग्रंथ उघडावेत, तर मुखपृष्ठावर हेच खेडे लॅटिन विभक्ती लेवून उभे! शनीच्या कड्याशी त्याचा संबंध तो काय?

पण या खेड्यांनाही स्वतःचे लेखन होते. ते आपण साहित्य मानत नाही, एवढेच. वालकाठी प्रत्येक जमीनधारकाकडे त्याच्या जमिनीच्या प्रमाणात बांधाचा ठराविक तुकडा सोपवलेला असे. कुणाचा तुकडा कुठून कुठपर्यंत, तो राखला की नाही, दंड किती, याच्या नोंदी ठेवल्या जात. जुन्या डच बांधकायद्यात तर अशी रीत होती की ज्याला आपला तुकडा राखणे झेपत नाही त्याने बांधात फावडे रोवावे आणि जमीन सोडून जावे. ते फावडे उपटणाऱ्याला जमीन मिळे, आणि बांधाचे ओझेही. माणसाचे घरदार संपल्याची इतकी मितभाषी खूण मला दरबारी काव्यात क्वचितच भेटली आहे.

यावर कुणी म्हणेल, हिशेबाच्या वहीला काव्य ठरवू नका. मान्य. शिवाय या नोंदीही निर्मळ नाहीत: त्यांत जमीनधारक दिसतो, माती वाहणारा मजूर दिसत नाही. तरीही ‘स्थळ आणि साहित्य’ शिकवताना उपाधी आणि बांधाची नोंद शेजारी ठेवून वाचायला हरकत कोणती? एकच भूमी एका कागदावर प्रतिष्ठा होते, दुसऱ्यावर कर्तव्य. हायगेन्सची प्रतिभा त्याने उणावत नाही. जॉन डनच्या कविता डचमध्ये आणणारा हा माणूस एवढ्याने लहान होणार नाही.

याच भूभागाच्या पश्चिम टोकाला लूव्हस्टाइनचा किल्ला आहे. ग्रोशियस १६२१ साली ग्रंथांच्या पेटीत लपून तिथून निसटला, ही कथा विद्यार्थ्यांना पाठ असते. पण त्याच बोमलरवार्डात १८६१ च्या जानेवारीत बांध फुटून गावे बुडाली, हे ठाऊक असलेला विद्यार्थी मला अद्याप भेटायचा आहे. १९९५ च्या हिवाळ्यात नद्या पुन्हा फुगल्या. बांध टिकेल याची खात्री नसल्याने नदीकाठच्या मुलखातून सुमारे अडीच लाख माणसे हलवली गेली. त्यांत बोमलरवार्डही रिकामे झाले. त्या वेळी बांध टिकला. लोक गुरांसह परतले.