परदेशी कारभारी शहर सुधारतील काय?

नवी मुंबई - रस्ता उखडला, नळ कोरडा पडला, महापालिकेत फाईल अडकली की 'एकदा हे शहर सिंगापूरवाल्यांच्या हाती देऊन पाहा' असा उद्गार हमखास कानी येतो. या उद्गाराला २००९ मध्ये अर्थशास्त्राचा आधार मिळाला. पुढे २०१८ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले अमेरिकी अर्थतज्ज्ञ पॉल रोमर यांनी 'सनदी शहरां'ची कल्पना मांडली. विकसनशील देशाने एखादी ओसाड जागा बाजूला काढावी, तेथे नवे नियम लागू करावेत, त्यांच्या अंमलबजावणीची हमी एखाद्या सुशासित परदेशाने घ्यावी आणि ज्यांना ते नियम पटतील त्यांनी तेथे वस्तीस जावे, असा या कल्पनेचा गाभा. हाँगकाँग हा त्यांचा आवडता दाखला.

मुंबईकरांना असा दाखला शोधण्यासाठी हाँगकाँगला जाण्याची गरज नाही. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केली. कंपनीच्या अमलात बंदर वाढले, न्यायालय आले, दूरदूरचे व्यापारी आणि कारागीर येथे स्थिरावले. मात्र करदात्या रहिवाशांना, तेही मोजक्याच, नगरकारभारी निवडण्याचा हक्क १८७२ च्या महापालिका कायद्याने मिळाला. भरभराट आधी आली. कारभाऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार दोनशे वर्षांनी आला.

न्हावा-शेवाचा अनुभव

परदेशी व्यवस्थापनाचा आजचा दाखला खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदरात आहे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराने १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पी अँड ओ पोर्ट्सशी तीस वर्षांचा करार केला आणि देशातील पहिले खासगी कंटेनर टर्मिनल उभे राहिले. २००६ मध्ये ते दुबईच्या डीपी वर्ल्डकडे गेले. नंतर डेन्मार्कच्या मर्स्क समूहाचे आणि सिंगापूरच्या पीएसएचेही टर्मिनल तेथे आले. सरकारी बंदरांच्या दिरंगाईला कंटाळलेल्या आयात-निर्यातदारांना या बदलाचा लाभ झाला, हे नाकारता येणार नाही.

परंतु हा प्रयोग यशस्वी का झाला, हे पाहिले पाहिजे. तासाला किती कंटेनर उतरले, जहाज किती वेळ धक्क्याला राहिले, हे मोजता येते आणि करारात लिहिता येते. जमीन बंदराच्या मालकीची राहिली. पोलिस, सीमाशुल्क आणि न्यायालये भारतीयच राहिली. परदेशी कंपनीने क्रेन चालवल्या, राज्य चालवले नाही.

ओसाड जागा कोठे आहे?

शहराचे प्रश्न क्रेनसारखे मोजता येत नाहीत. जमीन कोणाची, मोबदला किती, पाणी आधी कोणाला, हे वाटपाचे प्रश्न आहेत. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांचा पट्टा निश्चित झाला. नकाशावर तो मोकळा दिसत असला, तरी तेथे भातशेती, मिठागरे आणि कोळीवाडे होते. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना या संघर्षातून आली. कारभारी येथे परका नव्हता, पण निवडून आलेलाही नव्हता.

२००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्याने हाच प्रश्न पुन्हा उभा केला. या क्षेत्रावर केंद्राने नेमलेल्या विकास आयुक्तांचा अधिकार राहणार होता. उरण, पेण, पनवेल तालुक्यांतील रिलायन्सप्रणीत महामुंबई सेझला शेतकऱ्यांनी विरोध केला. सप्टेंबर २००८ मध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील गावांत सरकारला जनमत आजमावावे लागले. पुढे भूसंपादन रखडले आणि प्रकल्प बारगळला. गोव्यात तर २००७ च्या अखेरीस दिगंबर कामत सरकारने सेझ धोरणच गुंडाळले.

होंडुरासचा अनुभव याहून कडवट आहे. तेथील पहिला कायदा २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. रोमर स्वतः त्याआधीच पारदर्शकतेच्या मुद्द्यावर बाजूला झाले होते. २०१३ मध्ये नवा कायदा आला, रोआतान बेटावर 'प्रोस्पेरा' ही वसाहत उभी राहिली. २०२२ मध्ये संसदेने तोही कायदा मागे घेतला. आता कंपनीने आंतरराष्ट्रीय लवादापुढे दहा अब्ज डॉलरहून अधिक भरपाईचा दावा लावला आहे. दुबळ्या शासनावर उपाय म्हणून केलेला करार त्याच शासनाच्या गळ्यात अडकला.

पर्याय घरातच

नवी मुंबई महापालिका १९९२ मध्ये अस्तित्वात आली. तिच्याकडे स्वतःचे मोरबे धरण आहे आणि २०२० व २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तिने देशात तिसरा क्रमांक मिळवला. मात्र याच महापालिकेत २०२० मध्ये मुदत संपल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाची राजवट राहिली. जाब विचारण्याची सोय नसलेला कारभार देशी हातांनीही चालतो, याचा हा पुरावा.

२०२४ मध्ये राज्य सरकारने उरण, पनवेल, पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या क्षेत्रात नवे शहर वसविण्याचे काम एमएमआरडीएकडे सोपवले. तालुके तेच आहेत, ज्यांनी महामुंबई सेझ परतवून लावला. तेथे भांडवल दुबईचे येईल की सिंगापूरचे, हा प्रश्न दुय्यम आहे. बंदर, विमानतळ, मेट्रो यांचे काम परदेशी कंपनीला करार करून जरूर द्यावे. चुकल्यास तो करार मोडता येतो. जमिनीचा आणि कराचा निर्णय मात्र अशाच हाती हवा, ज्याला पाच वर्षांनी या गावांच्या दारात मत मागायला यावे लागेल. त्या १२४ गावांच्या ग्रामसभांना नियोजनात कोणते स्थान मिळते, यावरच नव्या शहराच्या कारभाराची परीक्षा होईल.