ढाल पुरे झाली, आता पकड शिकवू या

मैत्रिणींनो, मुलींच्या स्वसंरक्षण शिबिरात काय शिकवले जाते ते एकदा आठवून पाहा. कुणी मनगट धरले तर त्याच्या अंगठ्याच्या बाजूने झटका देऊन हात सोडवायचा. मागून कवळ घातली तर कोपर मारायचे, पाय तुडवायचा, ओरडायचे आणि पळायचे. समग्र शिक्षा योजनेतून सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिन्यांचे राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण मिळते. आपल्या संस्था दोन-दोन दिवसांची शिबिरे घेतात. मीही घेते. यातले काही चूक नाही. पण या साऱ्या शिकवण्यात पकडणारा कायम तो आणि सुटणारी कायम ती. मुलीच्या हातांना सुटणे येते, धरणे येत नाही.

हा विचार मला एका व्हिडिओ गेमवरून सुचला, असे सांगितले तर काहीजणी हसतील. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ हा जपानी खेळ 1999 साली आला. पडद्यावर एक तरंगता ओटा असतो आणि समोरच्याला त्यावरून फेकून द्यायचे असते. वार ढालीवर अडतो. पण ढाल पकडीपुढे निकामी. नुसती ढाल धरून बसले तर ती आकसत जाते, शेवटी फुटते आणि खेळाडू काही क्षण गरगरत उभा राहतो. आपल्या शिबिरांचे वर्णन वाचल्यासारखे वाटले मला! त्या खेळात मुरलेले खेळाडू पकडीचे बारकावे घोटून घेतात. धावत जाऊन घातलेली झडप हुकली तर सावरायला वेळ लागतो, म्हणून धावता धावता अंग उलटे वळवून पकडायचे. हात जास्त लांब पोचतो. एकदा पकडले की पुढे, मागे, वर की खाली फेकायचे, हे पकडणाऱ्याने ठरवायचे.

ही विद्या आपल्याकडे मातीत आहे, कबड्डीत. चढाई सगळ्यांना दिसते, टाळ्याही तिलाच पडतात. मला महत्त्वाची वाटते ती पकड. चढाई करणारी मुलगी दम घेत आत येते, तेव्हा कोपऱ्यातली मुलगी थांबून तिचे पाय बघत असते. घोट्याची पकड पाय पुढे येताना नव्हे, परत फिरताना घ्यायची. तो क्षण साधला तर अंगाने दुप्पट असलेलीही आडवी होते. मांडीची पकड घ्यायला जास्त जवळ जावे लागते, खांदा लावावा लागतो. कमरेची पकड त्याहून अवघड. आणि साखळी म्हणजे शेजारणीचा हात हातात घेऊन दोघींनी मिळून वाट अडवणे. घाईने घातलेली पकड सुटली आणि ती दम न सोडता मध्यरेषेला टेकली, की धरणाऱ्या सगळ्या बाद. म्हणजे कधी धरायचे, कुणाबरोबर धरायचे, हे शिकल्याशिवाय नुसती ताकद फुकट. तीन किंवा त्याहून कमी जणी उरल्या असताना पकड केली तर एक गुण जादा मिळतो. बचत गट चालवलेल्या बाईला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

आता मुलींकडे पाहा. पहिले काही दिवस त्या धरतच नाहीत. हात लावतात, लगेच सोडतात आणि विचारतात, “लागलं का गं?” अंग चोरून चाल, मांडी झाक, जोरात हसू नको, हे दहा-बारा वर्षे ऐकलेल्या शरीराला दुसऱ्या शरीरावर झेप घ्यायला सांगणे सोपे नाही. आपल्याकडे मुलीच्या अंगाला होणारा स्पर्श म्हणजे एक तर लाड, नाही तर संकट. तिसरा प्रकार तिला ठाऊकच नसतो. कबड्डीत तो असतो, आणि त्याला नियम असतात. हातपाय आणि धड यांखेरीज कुठे धरायचे नाही. तोंड दाबायचे नाही, गळा आवळायचा नाही, पायांची कैची घालायची नाही. घातली तर पंच शिट्टी मारतो. घरात तोंड दाबले तर शिट्टी कोण मारते?

कबड्डी खेळणाऱ्या बाईला नवरा मारत नाही, असे मी म्हणत नाही. तसे समजणे भाबडेपणाचे होईल. पण आपण धरू शकतो आणि धरून ठेवू शकतो, हे जिच्या दंडांना माहीत आहे तिची भीती निराळी असते एवढे खरे.

शिकवायला बाई हवी, हा माझा हट्ट आहे. पकड शिकवताना अंगाला हात लावावाच लागतो आणि पुरुष प्रशिक्षक असला की आईबाप मुलीला पाठवत नाहीत. त्यांची काळजी अगदीच निराधारही नसते. बायका मिळत नाहीत, हे उत्तर मला पटत नाही. नाशिकच्या शैलजा जैन यांनी इराणच्या बायकांना कबड्डी शिकवली आणि 24 ऑगस्ट 2018 रोजी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्या संघाने भारताला 27-24 असे हरवून सुवर्णपदक नेले. 2010 आणि 2014 साली ते आपल्याकडे होते. डोके झाकून खेळणाऱ्या त्या बायकांना पोशाख आड आला नाही. आपल्याकडे मात्र अजून “पोरीची जात, चड्डीवर कशी खेळणार?” यावर ग्रामसभेत चर्चा होते. नऊवारी नेसून भात लावलेला चालतो, ऊस तोडलेला चालतो.

ऊस म्हटला की आमच्या बीड जिल्ह्यातली खरी अडचण पुढे येते. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. मुलगी आईबापाबरोबर कोपीवर जाते, नाही तर मागे राहते ती म्हातारीच्या जिवावर. आणि तिला एकटी ठेवायची भीती वाटली की तिचे लग्न उरकले जाते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 43.7 टक्के बायकांचे लग्न अठराच्या आत झाले होते. संघ सात जणींचा. हंगाम सुरू झाला की त्यातल्या किती मैदानावर उरतील, हिशेब करा.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की दोन दिवसांची शिबिरे आता बास. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे जेथे चालू आहेत, तेथे कबड्डीचा रोजचा एक तास मागू या. तालुक्यात पूर्वी खेळलेल्या, आता सासरी असलेल्या बायका शोधू या आणि त्यांना मानधन देऊ या, फुकट नको. मैदान मोकळे नसते, तेथे मुले क्रिकेट खेळतात, असे उत्तर येईलच. त्यांचे कधी संपते ते विचारत बसू नका. मुलींना घेऊन पाच वाजता जा आणि चुन्याने रेषा आखायला सुरुवात करा.