वहीत न मावणारा हिशेब

लक्ष्मीपूजनाला पेढीवर नवी वही मांडतात, तिच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहितात. जुनी येणी मात्र नव्या वहीत ओढून आणतात. माणसांचेही तसेच. फराळाची ताटे पोचवताना कुठले दार वगळायचे, हे घराघरांत पाठ असते. म्हणून यंदाच्या अंकाचा विषय ठेवला आहे : क्षमा.

तयारी करताना येशूच्या दृष्टांतांपाशी थांबलो. मराठीला ते परके नाहीत. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ साली छापले गेले. या दृष्टांतांत जमाखर्चाचा मेळ बसतच नाही. द्राक्षमळ्यात पहाटेपासून राबलेल्याला एक दिनार, दिवस कलताना आलेल्यालाही एकच. मत्तयाच्या शुभवर्तमानातला राजा एका चाकराचे दहा हजार तालांतांचे कर्ज सोडून देतो. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि तालांत सुमारे सहा हजार दिनारांचा; म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी! तोच चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी सोबत्याची मानगूट धरतो. राजाची माफी तिथेच संपते. मिळालेली क्षमा पुढे गेली नाही, तर ती हातीही राहत नाही.

लूकने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट आपण वाटणी उधळून घरी परतलेल्या धाकट्याची म्हणून वाचतो. आम्हाला यंदा थोरला दिसला. वर्षानुवर्षे शेतात राबलेला, कधी शब्द न मोडलेला. घरात मेजवानी चालली आहे आणि हा अंगणात रुसून उभा. धाकट्याला तो भाऊ म्हणत नाही, ‘तुमचा मुलगा’ म्हणतो. त्याचा हिशेब चुकीचा नाही, बापही तो खोडत नाही. पण बाप त्या दिवशी दोनदा घराबाहेर येतो : एकदा दुरून दिसलेल्या धाकट्याकडे धावत, एकदा थोरल्याची समजूत काढायला. कृपा पाप्याला लागते तशी हिशेबात चोख असलेल्यालाही लागते. त्याला ती मागता येत नाही, इतकेच.

थोरला आत गेला का, हे लूक सांगत नाही. गोष्ट उंबरठ्याबाहेरच थांबते. तिथे आपल्यातले बरेच जण उभे आहेत, हे लिहिणाराही.

फराळाची ताटे अजून निघायची आहेत. दीपावलीच्या शुभेच्छा.

— संपादक