प्रशिक्षक गेला तर चालतं

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये खेळाडूने विद्यापीठ बदललं की पूर्वी सहसा एक हंगाम बाहेर बसावं लागे. २०२१ मध्ये पहिल्या बदलीपुरती ही शिक्षा गेली. २०२४ मध्ये, अभ्यासाच्या अटी पाळणाऱ्यांसाठी, बदल्यांची मर्यादाच उठली. आता निष्ठा संपल्याची ओरड काही प्रशिक्षकच करतात! प्रशिक्षक लिंकन रायली २०२१ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठ सोडून सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात (यूएससी) गेले, तेव्हा त्यांना कुणी बाहेर बसवलं नव्हतं. त्यांच्यामागोमाग गेलेल्या खेळाडू केलेब विल्यम्सने कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा २०२२ चा हाइझमन करंडक जिंकला. आम्ही खेळाडूंच्याच बाजूचे. काळजी आहे ती पदवीची. जुने श्रेयांक नवं विद्यापीठ सगळे धरेलच असं नाही, आणि व्यावसायिक संघात पोचणारे मूठभरच. छोट्या कॉलेजांनी घडवलेली पोरं मोठी कॉलेजं पळवतात, हेही खरं.